वकीलपत्राच्या ठरावासाठी रविवारी बैठक

सर्व विश्वस्त व सभासद भाऊ-ताईंना रामराम.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता सभामंडपात बैठक आहे. आपल्या देवस्थानची बाजू मांडायला वकील नेमायचा आहे. वकीलपत्रावर (वकिलाला आपल्या वतीने काम पाहायचा अधिकार देणारा कागद) सही कुणाची, याचा ठराव इतिवृत्तात हवाच. मागे तोंडी ठरलं आणि तारखेला कुणी गेलंच नाही.

घाई चेंज रिपोर्टची, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करायच्या अर्जाची आहे. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत जळगावच्या धर्मादाय कार्यालयात कळवावं लागतं. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज, म्हणजे आणखी हेलपाटे. नव्या विश्वस्तांनी संमतीपत्र आणि आधारची प्रत आणावी.

रावेर शिवारातल्या जमिनीला केळीसाठी गिऱ्हाईक आलंय, भावही बरा सांगतोय. पण शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त, किंवा गाळे ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायचे तर कलम ३६ खाली आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. विक्रीलाही तसंच. तोवर कुणी परस्पर इसार घेऊ नये. घेतला तर तो ज्याचा त्याने निस्तरावा.

ज्यांच्या घरी जुनी पावतीपुस्तकं, सातबारे असतील त्यांनी ती शनिवारपर्यंत पुजारीबुवांकडे द्यावीत.

– सचिव