थोरली, धाकटी आणि आमचे शेजारी

लीहाय, युटा
५ एप्रिल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
मनीषाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "तुझ्या त्या मॉर्मन शेजाऱ्यांत म्हणे चार-चार बायका करतात, आणि तू पोरीला त्यांच्याकडे खेळायला सोडतेस?" मी हसले आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर चुटपुट लागली. बाबांनी काळजीपोटी विचारलं होतं आणि मला ते दोन वाक्यांत सांगता आलं नसतं. त्यात मागून आईचा आवाज, "विचारा, विचारा, सुलूवन्संनी व्हिडिओ पाठवलाय."

तो व्हिडिओ आत्याने मलाही पाठवलाय. घोट्यापर्यंतचे फिकट रंगाचे झगे, लांब वेण्या, कुंपणाआडून बघणारी पोरं आणि वर भुताच्या सिनेमातलं संगीत. व्हिडिओ खोटा नाही, पण त्यातली माणसं माझे शेजारी नव्हेत. जूनमध्ये तुम्ही याल आणि अंगणात उभ्या उभ्या कुणाला तरी भलतंच विचारून बसाल (आई, तुझंच म्हणतेय), म्हणून आधीच लिहिते.

मॉर्मन हा ख्रिस्ताला मानणारा, अमेरिकेतच निघालेला पंथ. शेजारच्या घरात एक नवरा, एक बायको, पाच मुलं. नवरा दातांचा डॉक्टर. दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. पहिल्यांदा ती बाई घरी आली तेव्हा मी हौसेने आलं घालून चहा टाकला आणि ती कपाकडे बघत अवघडून बसली. मग कळलं की मनाई चहाच्या पत्तीला आहे, पाल्याला नाही. आता तिच्यासाठी नुसता गवती चहा उकळते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचं जेवण सोडतात, पाणीही पीत नाहीत, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. आपलं 'एकादशी, दुप्पट खाशी' तिथे चालत नाही. मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला, तो वेगळाच. सोमवारची संध्याकाळ फक्त घरच्यांसाठी.

धर्म बदलायला येतात का, हे बाबांनी विचारलं नाही, पण मनात असणारच. येतात. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी, विशीच्या आतबाहेरची दोन पोरं. मी पोहे दिले. दोघांनी दोनदा घेतले, निघताना दारासमोरचा बर्फ काढून देऊ का म्हणाले. मी धर्म बदलला नाही, बर्फ मात्र काढून घेतला.

सगळं गोडच आहे असं नाही. त्यांच्या वस्तीवार मंडळीला 'वॉर्ड' म्हणतात. रविवारची प्रार्थना, पोरांच्या सहली, बाळंतिणीचा डबा, सगळं वॉर्डातून चालतं. तुम्ही वॉर्डात नसलात तर कुणी वाईट बोलत नाही, फक्त पंगत मांडताना तुमचं पान राहून जातं. गेल्या वर्षी सईला हे दोन-तीनदा लागलं. रडली. मी जाऊन शेजारणीला सरळ सांगितलं. ती लाजली, आणि तेव्हापासून बोलावणं चुकलेलं नाही. पण सांगावं लागलं.

आता इतिहास. बाबा, तुम्ही आयुष्यभर पोरांना सनावळ्या पाठ करायला लावल्या, तेव्हा हे ऐकाच.

जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला. जिथे गेले तिथून हुसकले गेले. मिसुरीच्या गव्हर्नरने १८३८ मध्ये लेखी हुकूम काढला की या लोकांचा एक तर नायनाट करा, नाही तर राज्याबाहेर हाकला. तो हुकूम अधिकृतपणे मागे घेतला गेला १९७६ साली! स्मिथला १८४४ मध्ये इलिनॉयच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घातल्या. उरलेल्यांची पहिली तुकडी नवा पुढारी ब्रिगम यंग याच्याबरोबर बैलगाड्या घेऊन २४ जुलै १८४७ ला या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात पोचली. त्या दिवशी इथे आजही सुट्टी असते.

बायकांचं प्रकरण खरं आहे. १८५२ मध्ये त्यांनी जाहीरच केलं की एकाहून जास्त बायका करणं ही देवाची आज्ञा आहे. ब्रिगम यंगला पन्नासच्या वर. स्मिथच्या तीस-चाळीस होत्या आणि त्यातली एक पंधराचीही नव्हती, हे चर्चने २०१४ मध्ये स्वतः लिहून मान्य केलं. शेजारीण म्हणाली, ते तिने चाळिशीत पहिल्यांदा वाचलं आणि तीन आठवडे नवऱ्याशी धड बोलली नाही. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण मला तिचं कळलं.

देश त्यांच्यावर तुटून पडला. १८५६ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षाने गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व ही रानटीपणाचे जुळे अवशेष म्हणून एका दावणीला बांधली. ब्रिगम यंगच्या चिटणिसाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १८७९ मध्ये निकाल लागला. बाबा, तो निकाल वाचताना मी दचकले. श्रद्धा काहीही ठेवा, पण वागणं कायद्याचं, हे न्यायाधीशांनी पटवलं ते आपल्या सतीचा दाखला देऊन. आणि त्याआधी म्हटलं की ही चाल युरोपात तिटकाऱ्याची, आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची. म्हणजे गोऱ्या मॉर्मनांचा मोठा गुन्हा काय, तर ते आपल्यासारखे वागले! त्या निकालात आपण फुकटचे आरोपी आहोत. आणि त्याच मॉर्मनांच्या राज्यात मी कुंकू लावून राहते.

पुढे १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ताच जप्तीत आली. युटातल्या बायकांना १८७० पासून मत होतं, तेही त्याच कायद्याने काढून घेतलं. बायकांना सोडवायला निघाले आणि आधी त्यांचं मत घेतलं. १८९० मध्ये चर्चच्या अध्यक्षांनी नव्या बहुपत्नी लग्नांना पूर्णविराम दिल्याचं जाहीर केलं, सहा वर्षांनी युटाला राज्याचा दर्जा मिळाला. चोरून लग्नं चालूच राहिली, तेव्हा १९०४ मध्ये, जो करेल तो चर्चबाहेर, असा कडक हुकूम निघाला. ज्यांना हा देवद्रोह वाटला ते बाहेर पडले. सुलूआत्याच्या व्हिडिओतले ते हे. स्वतःला 'फंडामेंटलिस्ट' म्हणवतात. जगात मुख्य चर्चची माणसं पावणेदोन कोटींच्या आसपास, हे त्यामानाने मूठभर. पण टीव्हीवर कोण दिसतं?

देशाच्या डोक्यात दोन्ही एकच. कॅलिफोर्नियाचा एक सहकारी दर मीटिंगला मला विचारतो, "काय, नवऱ्याने दुसरी आणली का?" प्यू या पाहणी करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये विचारलं, तर शंभरातले पंचवीस मॉर्मनांबद्दल वाईट मत सांगणारे, चांगलं सांगणारे पंधरा. गंमत पुढे आहे. बहुपत्नीत्व नैतिकदृष्ट्या चालेल असं म्हणणारे अमेरिकन गॅलपच्या पाहणीत २००३ मध्ये शंभरात सात होते, २०२२ मध्ये तेवीस झाले. उलट २०१२ च्या प्यूच्या पाहणीत खुद्द मॉर्मनांतल्या ८६ टक्क्यांनी ते अनैतिक ठरवलं. लग्नाआधीच्या संबंधांना इतक्यांनी नावं ठेवली नव्हती! ज्याच्या आजोबाचं नाव खराब, त्याला इभ्रतीची धास्ती जास्त. एरवी मवाळ असलेली माझी शेजारीण त्या लोकांचा विषय निघाला की ओठ आवळते, "ते आमचे नाहीत." 'मॉर्मन' हा शब्दही आता नको असतो त्यांना. २०१८ मध्ये अध्यक्षांनी सांगितलं, चर्चचं पूर्ण नाव घ्या. मी पत्रात सोयीसाठी लिहितेय, तुम्ही त्यांच्यासमोर म्हणू नका.

त्या दुसऱ्या लोकांचं गाव मी पाहिलंय. झायनच्या दऱ्या बघून ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेच्या बाजूला निघालो तेव्हा वाटेत हिल्डेल लागलं. रस्ता ओलांडला की अॅरिझोनातलं कोलोरॅडो सिटी. दोन्ही मिळून पूर्वीचं शॉर्ट क्रीक. मागे लालभडक कडे, आणि गावात वीस-पंचवीस खोल्यांची घरं, कितीतरी अर्धवट सोडलेली, गिलावा नाही. एका दुकानासमोर तशाच झग्यातली एक बाई दोन मुलींना घेऊन उभी होती. माझा हात आपोआप मोबाइलकडे गेला. तिने बघितलं, मुलींना मागे ओढलं आणि पाठ केली. मी मोबाइल पर्समध्ये टाकला, पण व्हायचं ते झालं होतं. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

नंतर वाचलं तेव्हा तिची पाठ जास्त कळली. २६ जुलै १९५३ च्या पहाटे अॅरिझोनाच्या गव्हर्नरने शंभरावर पोलीस घालून या गावावर धाड टाकली होती. वार्ताहरांनाही बरोबर नेलं होतं. गावाला आधीच कुणकुण लागली होती, लोक शाळेपाशी जमून स्तोत्रं म्हणत होते. दोनशेहून जास्त मुलं उचलून नेली, काहींना परत यायला दोन वर्षं लागली. सॉल्ट लेकच्या मुख्य चर्चच्या मालकीच्या वर्तमानपत्राने धाडीची पाठराखण केली. पण आयांच्या हातातून ओढलेल्या पोरांचे फोटो छापून आले आणि देशाचं मन फिरलं. पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडणूक हरला, आणि मग पन्नास वर्षं कुठल्याही अधिकाऱ्याला तिकडे बघायची हिंमत झाली नाही.

ती पन्नास वर्षं कुणाच्या पथ्यावर पडली? वॉरन जेफ्स नावाच्या माणसाच्या. बापाच्या मागून तो त्या पंथाचा प्रेषित झाला. कुणी कुणाशी लग्न करायचं ते तो ठरवणार. नाराज झाला की एकाची बायको-पोरं काढून दुसऱ्याला देणार. लाल रंगावर बंदी. एका पुरुषाला अनेक बायका हव्यात म्हटल्यावर हिशेबाने पोरगे जास्त होतात, मग सोळा-सतरा वर्षांची मुलं क्षुल्लक कारणावरून गावाबाहेर रस्त्यावर सोडलेली. टेक्सासातल्या त्यांच्या वाडीवर एप्रिल २००८ मध्ये धाड पडली, चारशेहून जास्त मुलं नेली. धाडीला निमित्त झालेला फोन खोटा निघाला, सरसकट मुलं उचलणं चूक म्हणून कोर्टाने ती परत द्यायला लावली. पण त्याच धाडीतल्या कागदांनी जेफ्सला अडकवलं. बारा आणि पंधरा वर्षांच्या मुलींवरच्या अत्याचारासाठी २०११ मध्ये जन्मठेप. म्हणून बाबा, 'बिचारे, त्यांचं त्यांना जगू द्या' असंही मी म्हणणार नाही. धाड चूक आणि संशय खरा, हे दोन्ही एकाच दिवशी घडलेलं आहे.

युटाने २०२० मध्ये कायदा सैल केला. सज्ञान आणि राजीखुशीने असेल तर बहुपत्नीत्व आता तुरुंगाचा गुन्हा नाही, दंडापुरता आहे. जबरदस्ती, अल्पवयीन मुली यांना शिक्षा कडकच. म्हणणं असं की भीती गेली तर आतल्या बायका बाहेर येऊन तक्रार तरी करतील. शेजारणीला हे पटलं नाही, मला पटलं. हिल्डेलमध्ये त्याआधीच, २०१७ मध्ये, पंथ सोडलेली एक बाई महापौर म्हणून निवडून आली होती.

एकदा गवती चहा पिता पिता शेजारीण म्हणाली, "मला हिल्डेलची भीती नाही, स्वर्गाची आहे." मी बघतच राहिले. त्यांच्यात देवळातलं लग्न मेल्यावरही टिकतं. बायको गेल्यावर नवऱ्याने देवळात दुसरी केली तर वर दोघी त्याच्याच. "मी आधी गेले तर तिथे कुणीतरी असेल गं," म्हणाली. त्या कुणीतरीला तिला इंग्रजीत चटकन शब्दच सापडेना. मी तिला सांगितलं, आमच्यात आहे, सवत. जात्यावरच्या ओव्या तिने भरल्यात. खंडोबाच्या म्हाळसा-बाणाईचं भांडणही सांगितलं, ती पोट धरून हसली.

आणि मग मी तिला आपल्या घरातलं सांगितलं. बाबा, रागावू नका.

थोरली आणि धाकटी. तुमच्या दोन्ही आज्या. थोरलीला मूल होईना म्हणून तिनेच पालीच्या यात्रेत मुलगी बघितली, तिनेच पणजोबांना तयार केलं, हे तुम्ही किती कौतुकाने सांगता. कोठीच्या किल्ल्या मरेपर्यंत थोरलीच्या कमरेला, तुम्ही तिच्याच मांडीवर वाढलात, धाकटी तिला 'बाई' म्हणायची आणि तिच्याआधी कधी जेवायला बसली नाही. मुंबई इलाख्यात द्विभार्या बंदीचा कायदा आला १९४६ मध्ये, हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. म्हणजे मॉर्मनांनी सोडल्यावरही पन्नास-पासष्ट वर्षं आपल्याकडे ते बिनबोभाट चालू होतं, आणि आपल्या घरात तर दोघींचे हार घातलेले फोटो शेजारी शेजारी आहेत. शेजारणीने विचारलं, "त्या सुखी होत्या?" मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. धाकटी पंधराची होती ना, बाबा? की त्याहून लहान? तिला कुणी विचारलं होतं का? ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

जूनला याल तेव्हा सांगा. फोनवर नको.

आई, सईचे झगे शिवून आणू नकोस, इथे मिळतात. मेतकूट आण, गोडा मसाला अर्धा किलोच, मागच्या वेळचा अजून आहे. गवती चहाची मुळं पिशवीत लपवून आणायची नाहीत, विमानतळावर काढून घेतात. आणि बाबा, माजघरातल्या त्या दोन फोटोंचे फोटो काढून आणा. धाकटीचं माहेरचं नावही लिहून आणा, मला माहीत नाही.

तुमची,
मनी