पम्याला, दोन पैशांच्या बाबतीत

पुणे, रविवार रात्र (बहुधा सोमवार उजाडलाय)

प्रिय पम्या,

गणपतीनंतर एक ओळ नाही, त्याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे. बाबांचं बीपी ठीक, माझी पाठ आहे तिथेच आहे, वृंदा बरी आहे आणि तुझ्यावर रागावलीय. का ते तिलाच विचार. झालं. आता मुद्द्याचं.

लोअर परळ. मार्चएंड, चौथा मजला, एसी बंद. तू सॉफ्टवेअरच्या रिलीजवर सही करत नव्हतास आणि मी म्हणालो होतो, "दोन पैशांचा फरक आहे रे, कोण बसलंय बघायला?" त्यानंतर तू चार महिने माझ्याशी बोलला नाहीस. माझ्या लग्नाला आलास, अक्षता टाकल्यास आणि जिलबीला हात न लावता निघून गेलास. आईच्या ते अजून लक्षात आहे. भांडण नाही, जिलबी.

तर ते दोन पैसे परत आलेत. हे वृंदाला सांगून झालं, सोनटक्केला सांगून झालं, दोघांनीही "मग दुरुस्त कर ना" म्हणून विषय संपवला. म्हणून तुला लिहितोय.

क्वांटलिब, म्हणजे बाँड-ऑप्शनचे हिशोब करणारी लायब्ररी, ती रस्ट या भाषेत नव्यानं लिहायचं काम, म्हणजे पोर्ट, अजून चालूच आहे. अडीच वर्षं झाली. तू त्याला "दुसऱ्याची वही उतरवून काढणं" म्हणतोस, आणि पहिलं वर्ष खरंच तसं गेलं. २००० साली सुरू झालेली सी++ लायब्ररी, तेव्हापासून इतके हात फिरलेत की प्रत्येक विचित्र 'इफ'मागे कुणाचं तरी जळलेलं बोट असतं. नुसते ३०/३६० ने (महिना तीसचा, वर्ष तीनशेसाठचं) दिवस मोजायचे तरी अमेरिकन वेगळा, युरोपियन वेगळा, इटालियन वेगळा. साध्या वर्षात २८ फेब्रुवारी ते १ मार्च एकाकडे एक दिवस, दुसऱ्याकडे तीन. सावकाराचं पंचांग म्हणतात ते हेच असणार.

भारताच्या कॅलेंडरची फाईल उतरवताना मात्र मजा आली. इटलीत जन्मलेल्या लायब्ररीत महाराष्ट्र दिन, गणेश चतुर्थी, भाऊबीज! एनएसई हा शेअरबाजार मुंबईत, म्हणून. नाताळ, २६ जानेवारी यांना नियम आहे. आपले सण तिथीवर, म्हणून दर वर्षाच्या तारखा हातानं लिहिलेल्या. लक्ष्मीपूजनाला बाजार बंद, पण मुहूर्ताच्या सौद्यांसाठी तासभर उघडा, मग तो दिवस कामाचा की सुट्टीचा, यावर वृंदा आणि मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. (सुट्टीचा. वृंदा जिंकली.)

हे सगळं मी का सांगतोय? कारण पुढचं सांगायची लाज वाटतेय.

क्वांटलिबमध्ये 'आज' ही एकच असते. सेटिंग्ज नावाची एक वस्तू, तिच्यात मूल्यांकनाची तारीख. ती बदलली की तिच्यावर डोळा ठेवून बसलेले बाँड, व्याजदरांचे कर्व्ह, ऑप्शन सगळे आपापला हिशोब नव्यानं करतात. छान सोय आहे. पण सगळ्यांनी हात लावायची अशी वस्तू रस्टला मुळीच खपत नाही, कंपायलर दारातच अडवतो. मी ती तारीख म्युटेक्समध्ये, म्हणजे कुलपात ठेवली. कंपायलर गप्प. मीही गप्प.

नोव्हेंबरमध्ये एक टेस्ट (उत्तर बरोबर येतं का ते तपासणारा छोटा प्रोग्राम) नखरे करायला लागली. सात टक्क्यांचा बाँड, दर्शनी किंमत शंभर, दिवस अॅक्च्युअल/३६५ ने (खरे दिवस भागिले ३६५) मोजायचे, साचलेलं व्याज काढायचं. शाळकरी गणित. दहा-पंधरा वेळा पास, मग एकदा नापास, मग परत पास. रात्री दोन वाजता मी काय केलं असेल? टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ती मर्यादा, वाढवला. मूळ टेस्ट दशांशाच्या दहाव्या घरापर्यंत जुळवून बघत होती, मी तिला पाच पैशांची सूट दिली. सगळं हिरवं. कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, लिहिलं: फ्लोटिंग पॉइंटचा किरकोळ फरक. पम्या, बेरजेचा क्रम बदलला की शेवटच्या घरातले आकडे हलतात, हे तुला-मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पण ते शेवटच्या घरात. पैशात नाही! हे मला त्या रात्रीही कळत होतं.

गेल्या मंगळवारी एका कंपनीची मेल आली. नाव नको, तू लगेच ओळखीचा माणूस शोधशील. आमचं पोर्ट ते रोज रात्री स्वतःच्या बाँडवर चालवतात, फार वेगवान आहे, सोळा थ्रेडवर (म्हणजे सोळा कामं एकाच वेळी) धावतं, आभारी आहोत, शेवटी हसरा चेहरा. अडीच वर्षांतलं पहिलं कौतुक. पेढे आणायचे सोडून मी ती टेस्ट उघडून बसलो.

नापास होईल तेव्हा फरक किती येतो ते आधी कधी नीट पाहिलंच नव्हतं. दर वेळी तोच: ०.०१९२. दुधाच्या बिलामागे भागाकार केला. ७ भागिले ३६५, ०.०१९१७८. एका दिवसाचं व्याज. माझ्या बाँडला मधूनच 'आज' म्हणजे उद्या वाटत होतं.

मग पाच मिनिटांचं काम होतं. कार्गो टेस्ट, म्हणजे रस्टमध्ये टेस्ट चालवायची कमांड, सगळ्या टेस्ट एकदम, वेगवेगळ्या थ्रेडवर चालवतं. शेजारची टेस्ट स्वतःच्या कामासाठी तारीख एक दिवस पुढे ढकलत होती आणि माझा बाँड नेमका तेव्हाच 'आज कोण वार' विचारायला जात होता. एकाच थ्रेडवर दोनशे वेळा चालवली, एकदाही नापास नाही. कुलूप अगदी पक्कं होतं, फक्त किल्ली गावभर वाटलेली. दोघांनी एकाच वेळी तारीख खोडू नये एवढंच ते बघतं. मी तारीख वाचली आणि हिशोब संपला, यांच्यामध्ये कोणी ती बदलली तर त्याला काय त्याचं!

आता ते सोळा थ्रेड डोळ्यापुढे आण. त्यातला एक आजच्या तारखेनं हिशोब करतोय, दुसरा गेल्या तिमाहीच्या. एक दिवस सरकला तरी कोटीमागे एकोणीसशे रुपये, आणि इथे तीन महिने सरकू शकतात. लायसन्समध्ये मोठ्या अक्षरांत 'कसलीही हमी नाही' लिहिलंय. मी ते परवापासून चार वेळा वाचलं.

दुरुस्तीचे दोन रस्ते. प्रत्येक थ्रेडला त्याची त्याची तारीख द्यायची, दहा-बारा ओळींचं काम, पण काम एका थ्रेडवरून दुसऱ्यावर गेलं की तिथे तारीख कोरी. किंवा 'आज' ही वस्तूच काढून टाकायची आणि प्रत्येक फंक्शनच्या हातात तारीख द्यायची. शेकडो फंक्शन बदलतील आणि मूळ लायब्ररीशी ओळीला ओळ जुळणं संपेल. म्हणजे वही उतरवणं बंद. मला दुसरं करायचंय. भीतीही त्याचीच वाटतेय, कारण मग चुका माझ्या एकट्याच्या.

पण ते नंतर. आधी त्या लोकांना कळवायला हवं, आणि पाच दिवस मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे. लिहायला बसलो की रस्टचं व्याख्यान होतं. पहिलंच वाक्य 'क्वचित प्रसंगी' असं सुरू होतं. आणि टॉलरन्स मी वाढवला होता हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात जाऊन लपतं. मी ते वर आणतो, ते परत खाली जातं.

सईच्या निकालाबद्दल अभिनंदन, उशिरा का होईना. दुकानाचा नवा बोर्ड सोनटक्केनं फोटोत दाखवला, 'आणि सन्स'मध्ये सन कोण रे? काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? फोनवर सविस्तर.

ड्राफ्ट सोबत जोडलाय. 'क्वचित' ठेवू की काढू, आणि ते वाक्य कुठे जायला हवं, एवढंच कळव. उद्या दुपारी बारापर्यंत. नाहीतर आहे तसाच पाठवतो.

तुझा,
बंड्या