अत्तर नको, माती टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चैत्र सरला की आमच्या घरी गव्हाचा चीक होतो. तीन दिवस भिजवलेला गहू वाटायचा, गाळायचा, शिजवायचा आणि सोऱ्यातून कुरडया घालून अगाशीवर जुन्या लुगड्यावर वाळत टाकायच्या. (गच्चीला आम्ही बडोद्याची मराठी माणसे अगाशीच म्हणतो.) बाबाजीपुऱ्यातल्या वाड्यात हे चाळीस वर्षे विनातक्रार चालले. सहा वर्षांपूर्वी मुलाने शहराच्या कडेला फ्लॅट घेतला आणि पहिल्याच उन्हाळ्यात पंधरा मिनिटांत ते पांढरे लुगडे काळे तीळ उधळावेत तसे दिसायला लागले. माश्या! सगळ्या कुरडया डब्यात न जाता गाईच्या टोपलीत गेल्या.

आमच्या सोसायटीमागे कचऱ्याची टेकडी आहे. टेकडी आधीची, आम्ही नंतरचे, हे मान्य. पण बिल्डरने फ्लॅट भर दुपारी दाखवला, यातली मेख आम्हाला राहायला आल्यावर कळली. दुपारी जमीन तापते, हवा वर उठते आणि वास पांगतो. रात्री वारा पडला की तोच वास जमिनीलगत साचतो आणि पहाटे दूध घ्यायला दार उघडले की थेट घरात येतो. हिवाळ्यात तर आठ वाजले तरी हलत नाही. बाहेरगावचे पाहुणे नाक दाबतात आणि आम्हाला सवयीने तो तितका जाणवत नाही, याचेच जास्त वाईट वाटते.

तक्रारी करून झाल्या. उत्तरादाखल दोन गोष्टी येतात: संध्याकाळी धुराची गाडी, आणि कोणी मोठे येणार असले की सुगंधी फवारा. गुलाबपाणी शिंपडलेला उकिरडा कुणी हुंगला नसेल तर नुसत्या उकिरड्याचा वास बरा, एवढे अनुभवाने सांगते. धुराने उडत्या माश्या मरतात, खाली कचऱ्यातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. चार दिवसांनी नवी फौज हजर.

हे मला कळले ते गव्हामुळेच. एकदा आमच्या कचऱ्याच्या ड्रमखाली, कोरड्या मातीत, तांबूस दाणे पडलेले दिसले. मला वाटले, कुणाच्या पिशवीतून गहू सांडला. उचलणार तोच शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, हात लावू नका, ते माशीचे कोष आहेत." काकांची सगळी नोकरी पोल्ट्रीत गेली, माश्यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ. माशी ओल्या कचऱ्यावर एका वेळी शंभरेक अंडी घालते, ती एका दिवसात फुटतात. अळ्या चार-पाच दिवस खातात, मग कोरडी जागा शोधून कोष करतात आणि उन्हाळ्यात अंड्यापासून उडणाऱ्या माशीपर्यंत सगळे सात ते दहा दिवसांत उरकते. म्हणजे ओला कचरा आठवडाभर उघडा राहिला की माश्यांची एक पिढी बाहेर पडलीच. तो ड्रम आमचाच होता, आठवड्यातून दोनदा रिकामा व्हायचा. टेकडीकडे बोट दाखवताना आमची मान थोडी खाली गेली. आता ड्रम रोज रिकामा होतो, खालची जागा झाडून धुतली जाते. स्वयंपाकघरातल्या माश्या थोड्या घटल्या. अगाशीवरच्या नाहीत. त्या टेकडीच्या.

गेल्या दिवाळीनंतर मात्र एक गंमत झाली. जवळच दोन इमारतींच्या तळघरांचे खोदकाम निघाले. डंपरवाल्यांना माती टाकायला लांब जायचे नव्हते, म्हणून दोन-तीन आठवडे ती टेकडीच्या आमच्या बाजूच्या उतारावर पडत राहिली आणि तिथलाच जेसीबी ती दाबत राहिला. ना कुठला आदेश, ना योजना. पहिला आठवडा फरक नाही. दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी कपड्यांच्या दोरीवर ओळीने बसणाऱ्या माश्या विरळ झाल्या, पहाटेचा वासही निम्म्यावर आला. घारी आणि कुत्री दुसऱ्या उताराला गेली. खोदकाम संपले, माती थांबली, आणि महिनाभरात सगळे मूळपदावर!

मग मुलाकडून 2016 चे घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढून घेतले (2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले). त्यात हेच लिहिलेले होते. दिवसाचे काम संपताना कचऱ्यावर किमान 10 सेंटिमीटर मातीचा किंवा राडारोड्याचा थर द्यायचा, म्हणजे हाताच्या पंजाच्या रुंदीएवढा. पावसाळ्याआधी 40 ते 65 सेंटिमीटरचा थर देऊन, दाबून, उतार काढायचा, म्हणजे पाणी आत न मुरता वरून वाहून जाईल. आणि मुळात अशा जागी कुजणारा कचरा यायलाच नको, हेही तिथेच होते. माती कमी पडते, असे सांगितले जाते. शहरात तळघरे खणणारे ती माती कुठे टाकावी म्हणून रात्री-अपरात्री जागा शोधत हिंडतात. ज्याला नको आहे आणि ज्याला हवी आहे, त्यांची गाठ घालून देणे एवढेच तर काम आहे.

राडारोडा चालतो असे त्या नियमांत होते, पण एक सावधगिरी हवी. त्यात फॉल्स सीलिंगचे जिप्समचे तुकडे किंवा पीओपी नको. ओल्या, हवा न लागणाऱ्या कचऱ्यात जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड करतात, म्हणजे तोच सडक्या अंड्याचा वास. वास झाकायला टाकलेली वस्तूच वास वाढवणार. गणपतीनंतरच्या पीओपीच्या मूर्तींचे तुकडे कुठे जातात, हा प्रश्न मला त्यानंतर पडला.

माती हा कायमचा इलाज नाही, हे जाणून आहे. तो इंदूरने केला. माझी नणंद तिथे नेमावर रोडला राहते, देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडपासून, म्हणजे शहराचा कचरा टाकायच्या जागेपासून, जवळ. पूर्वी तिच्याकडे वाळवण अशक्य, म्हणून ती आमच्या बाबाजीपुऱ्याच्या वाड्यावर येऊन पापड-कुरडया करून न्यायची. 2018 मध्ये तिथल्या महापालिकेने सुमारे 13 लाख टन जुना कचरा उकरला, औषध फवारून लांब ढीग लावले, ते वरचेवर परतले, मोठ्या फिरत्या चाळण्यांतून माती, प्लास्टिक, दगड वेगळे केले आणि शंभर एकर जागा मोकळी केली. परतलेल्या ढिगाच्या पोटात इतकी उष्णता होते की अळ्या तगत नाहीत. आता तिथे रोजचा 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प आहे, 19 फेब्रुवारी 2022 पासून. हे चालते कारण ओला आणि सुका कचरा घराघरातूनच वेगळा होऊन गाडीत पडतो. आमच्या सोसायटीत अजून चौथ्या मजल्यावरून डायपरसकट पिशवी खाली येते, तेव्हा इंदूरचे नाव घेताना जरा जपूनच घ्यावे लागते.

यंदाच्या कुरडया मी इंदूरला जाऊन, नणंदेच्या गच्चीवर घातल्या. तिने त्यावर जे काय ऐकवायचे ते ऐकवलेच.

आता मृग लागायला वीसेक दिवस आहेत. उघड्या टेकडीवर पाऊस पडला की पायथ्याला काळे पाणी साचते, मग ओढ्याला मिळते. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा घराघरात कसले पाणी आले, ते बडोदेकरांना सांगायला नको. संबंधित अधिकाऱ्यांना आपल्या पत्रातून एवढीच विनंती आहे: पावसाआधीचा मातीचा थर वेळेत द्या, रोजचा थर रोज द्या, आणि ज्या दिवशी दिला त्याची नोंद टेकडीच्या फाटकावर फळ्यावर खडूने लिहा. अत्तराचा खर्च वाचेल तो डिझेलला वापरा. खोदकामाची माती घेऊन येणाऱ्या डंपरना रस्ता दाखवायला आमच्या सोसायटीतले दोन निवृत्त काका सकाळी सहापासून उभे राहायला तयार आहेत. चालकांच्या चहाचे मी बघते.

आपली विश्वासू,
एक वाचक, बडोदे