मूनटाच्या खाणीवरील स्वयंसेवक आजोबांस

आदरणीय महोदय,

आपल्याला मराठी वाचता येत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र मी मराठीतच आणि जाहीरपणे लिहीत आहे. आपण माझ्या वडिलांना जो मान दिलात तो आमच्या माणसांना कळावा, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात येणाऱ्या मराठी कुटुंबांनी मूनटा, कडीना आणि वॉलरू या तांब्याच्या तीन शेजारगावांची वाट आवर्जून धरावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. इंग्रजी प्रत आपल्याला स्वतंत्रपणे पाठवत आहे.

माझ्या वडिलांची सारी नोकरी मध्य प्रदेशातील मलांजखंडच्या तांब्याच्या खाणीत पाणी उपसणाऱ्या पंपांवर झाली. ती खाण तेव्हा उघड्या खड्ड्याची असल्यामुळे पावसाळ्यात खड्ड्याच्या तळाशी तळे साचायचे आणि उपसा थांबला की काम थांबायचे. आता त्यांना चालवत नाही आणि ऐकूही कमी येते. तरी तांब्याची जुनी खाण पाहायची हा त्यांचा हट्ट होता. त्यापायी आम्ही आधी एका सहल कंपनीबरोबर आपल्या भागात आलो होतो. त्या वाटाड्याने बाबांकडे न पाहता मला विचारले, ‘‘यांना उतरवायलाच हवे का? इथे पडक्या भिंतींखेरीज काही नाही.’’ बाबा गाडीतच बसून राहिले. पैसे घेऊन माणसाला सामानासारखे वागवणाऱ्या त्या कंपनीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण मात्र मूनटाच्या ह्यूज इंजिनघरासमोर, म्हणजे उपशाच्या इंजिनाच्या जुन्या इमारतीसमोर, बाबांच्या चाकांच्या खुर्चीपुढे एक गुडघा टेकून बसलात, डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवलीत, ओठ दिसावेत म्हणून चेहरा उजेडाकडे वळवलात आणि मला नव्हे, त्यांना विचारलेत, ‘‘तुमच्या खाणीत पाणी किती यायचे?’’ मी दुभाष्याचे काम करत होतो, पण आपली नजर एकदाही माझ्याकडे वळली नाही. बाबांचे उत्तर लांबत गेले, हात पंपाच्या झडपा फिरवू लागले, आणि आपण ते पुरते ऐकून घेतलेत. खाणीतला माणूस खाणीतल्या माणसालाच विचारील असा तो प्रश्न होता, आणि निवृत्तीनंतर तो त्यांना कोणी विचारला नव्हता.

मग आपण त्यांना 1865 मध्ये बांधलेल्या त्या दगडी इमारतीची कथा सांगितलीत. 1861 मध्ये वॉल्टर वॉटसन ह्यूज यांच्या कुरणात एका मेंढपाळाला वॉम्बॅट या बिळे खणणाऱ्या प्राण्याच्या बिळाशी तांब्याचे खनिज दिसले, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगारांची कुटुंबे आली, आणि 1923 मध्ये खाण बंद पडेपर्यंत वाफेचे इंजिन जमिनीखालचे पाणी वर खेचत राहिले. खाली पाण्याशी झगडणाऱ्या त्याच लोकांना वर पिण्याचे पाणी मिळत नव्हते. छपरावरचे पावसाचे पाणी ते जमिनीखालच्या टाक्यांत साठवत. 1870 च्या दशकात दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषमज्वराने त्यांची किती मुले नेली, हे मूनटाची दफनभूमी पाहिल्यावर कळते. बाबा तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्या सांगण्यावरून आम्ही बाकीची ठिकाणेही पाहिली. 1878 ची शाळा, जिथे आता संग्रहालय आहे, कामगाराचे मातीच्या भिंतींचे घर, आणि खनिजाच्या टाकाऊ ढिगाऱ्यांमधून जाणारी छोटी रेल्वे, जी आपल्यासारखेच स्वयंसेवक चालवतात. ‘वॉलरू माइन्स’ ही खाण वॉलरूला नसून कडीनाला आहे, हे आपण आधी सांगितले नसते तर आम्ही भलतीकडेच गेलो असतो. वॉलरू हे वितळभट्टीचे आणि बंदराचे गाव. ऑस्ट्रेलियातल्याच न्यूकॅसलहून कोळसा आणणारी जहाजे परतताना इथले खनिज घेऊन जात, आणि 1861 चे चौकोनी धुराडे अजून तिथे उभे आहे. वेळ एकाच गावापुरता असेल, तर माझ्या मते मूनटाच निवडावे. 2017 मध्ये या खाणीला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्याच बर्रा गावच्या खाणीसह ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत स्थान मिळाले. पण ती जागा जिवंत वाटते ती आपल्यासारख्या माणसांमुळे, जे बिनपगारी उन्हात उभे राहतात आणि परक्या म्हाताऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतात. असे सौजन्य कोणत्याही तिकिटात मिळत नाही.

निघताना आपण बाबांना विचारले होते की, खड्डा खोल होत जातो तसतसे पंप खाली कसे हलवतात. अंधार पडत आल्यामुळे उत्तर अर्धवट राहिले होते. बाबांनी ते आता आकृत्यांसह वहीत लिहून काढले आहे. मी त्याचे भाषांतर करत आहे. पूर्ण झाले की इंग्रजी प्रतीसोबत धाडतो. त्यांचा उलट प्रश्नही आहे: इंजिन दुरुस्तीला थांबले की मूनटात पाणी किती वेगाने चढत असे? सवडीने कळवावे.

आपला ऋणी,
मलांजखंडच्या पंपचालकाचा मुलगा