मोदक सजवावेत, पण गार करून नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत, घरी केलेले गोड पदार्थ पाहुण्यांपुढे देखणे करून कसे ठेवावेत, याविषयीचा सचित्र लेख वाचला. घरच्या पदार्थाचीही मांडणी निगुतीने व्हावी, हा त्यामागचा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु त्यातील एका छायाचित्रात उकडीचे मोदक काळ्या दगडी पाटीवर, चॉकलेटच्या रेघोट्यांच्या मधोमध बसवलेले होते आणि त्यांच्यावर तुपाचा थेंबही नव्हता. ते पाहून हे पत्र लिहावेसे वाटले.

हा मोह मला अपरिचित नाही. काही वर्षांपूर्वी लेकीच्या सासरची मंडळी प्रथमच जेवायला येणार होती, तेव्हा मीही मोदक तासभर आधी उकडून मोठ्या ताटात वर्तुळाकार रचले, मधोमध गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या आणि सर्वांनी कौतुक करावे म्हणून ते ताट दिवाणखान्यात पंख्याखाली नेऊन ठेवले. पाने वाढली जाईपर्यंत पारी वाळून कडक झाली होती आणि अर्ध्याअधिक मोदकांच्या कळ्यांना तडे गेले होते. तांदळाच्या पिठातील पिष्ट निवताना घट्ट होत जाते आणि वाऱ्याने वरचा ओलावाही उडून जातो, त्यामुळे मोदकाला शोभा आणायची ती मोदकपात्रात घालण्यापूर्वीच आणावी लागते: कळ्या बारीक आणि एकसारख्या काढाव्यात, टोकाला केशराची एक काडी लावावी आणि खाली हळदीचे पान घालावे. हिरव्या पानावर पांढरा मोदक उठून दिसतो आणि वाफेबरोबर पानाचा वासही त्याच्या अंगी लागतो. उरलेली सजावट पाहुण्यांच्या पानातच व्हावी. मोदक वाफाळत असताना त्यांच्यासमोर फोडून आत साजूक तुपाची धार सोडावी. छायाचित्रात ही धार मावत नाही, ही त्या छायाचित्राची अडचण आहे, मोदकाची नव्हे.

मांडणीची कला आपल्याकडे अलीकडेच येऊ लागली आहे, असा त्या लेखाचा सूर होता, तोही मला पटला नाही. केळीच्या पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे पान मांडावे, वरच्या बाजूला मध्यभागी मीठ वाढावे, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या असाव्यात, ही शिस्त ज्या घरांत पाळली जात होती, तिथे मांडणीचे नियम आजच्या कोणत्याही उपाहारगृहाइतकेच काटेकोर होते. भाताची मूद हा त्याच शिस्तीचा भाग होता, आणि मूद पाडण्याची ती लहान वाटी गोड पदार्थांनाही तितकीच उपयोगी पडते. वाटीला आतून तूप लावावे, तळाशी दोन-तीन चारोळ्या आणि एखादा बेदाणा ठेवावा, वर गरम शिरा किंवा नारळीभात हलक्या हाताने दाबून भरावा आणि लगेच बशीत पालथा करावा. मात्र शिरा निवल्यावर हा खटाटोप केला, तर मूद कडेने ढासळते.

भांड्याच्या निवडीबाबत तर त्या लेखात जवळजवळ काहीच नव्हते, आणि माझ्या मते खरी शोभा तिथेच साधते किंवा बिघडते. शेवयांची खीर स्टीलच्या वाटीत करडी दिसते, तीच गडद रंगाच्या चिनी मातीच्या वाटीत दाट आणि मलईदार दिसते. गुलाबजाम सपाट बशीत ठेवले की पाक चहूकडे धावतो, म्हणून त्यांना खोलगट वाटी आणि चमचाभरच पाक द्यावा. खरवस कापला की त्याला पाणी सुटते, तेव्हा त्याच्या वड्या अगदी आयत्या वेळी बशीत काढाव्यात. श्रीखंड मात्र हौसेपोटी बिनकल्हईच्या पितळी वाट्यांत भरून ठेवू नये, कारण आंबट चक्का पितळेत कळकतो, त्याची चव जाते आणि ते पोटालाही बाधते. ते काचेच्या किंवा चांदीच्या वाटीत द्यावे. वर पेरायचे पिस्ते थोडा वेळ गरम पाण्यात भिजवून सोलल्याशिवाय त्यांचा हिरवा रंग दिसत नाही, आणि केशर कोमट दुधात खलून मग वरून सोडले, तर चार काड्यांतही काम भागते.

काही पदार्थांची शोभा केवळ कापण्यात असते. गोव्यातील बेबिंक याचे उत्तम उदाहरण आहे. एकेक थर भाजून त्यावर पुढचा थर ओतत केलेल्या या पदार्थाचा पातळ काप बशीत आडवा ठेवला, की सात किंवा अधिक थर आपोआप दिसतात आणि वर काही घालण्याची गरजच उरत नाही. नारळाच्या वड्यांचेही तेच. सुरीला तूप लावून, दर वेळी ती पुसून घेत वड्या कापल्या तर कडा स्वच्छ येतात. याउलट पुरणपोळीची गुंडाळी करून तिला दात कोरण्याची काडी टोचण्याचा जो प्रकार लेखात सुचवला होता, तो मला धोक्याचा वाटतो, कारण पंगतीत लहान मुले आणि दृष्टी अधू झालेली वडीलधारी माणसेही असतात. पोळीची चौपदरी घडी, वर तूप आणि शेजारी दुधाची वाटी एवढे तिला पुरेसे आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. बशीत फुले ठेवण्याची सूचना करताना कोणती फुले, हे लेखात सांगितलेले नाही. अंगणात सहज मिळणारी कण्हेर विषारी असते आणि सदाफुलीही खाण्याजोगी नाही. पूजेच्या पुडीतल्या गुलाबावर कोणती औषधे फवारली आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते. घरच्या कुंडीतला, फवारणी न केलेला देशी गुलाब असेल तरच त्याच्या पाकळ्या पदार्थाला लागू द्याव्यात. वर्खाच्या नावाखाली अॅल्युमिनियमही विकले जाते, म्हणून बोटांत चोळून पाहावे. चांदीचा खरा वर्ख विरून जातो, अॅल्युमिनियमची गोळी होते.

शेवटचा मुद्दा वाढण्याचा. प्रत्येकासाठी छोटा पेला आधीच भरून, सजवून ठेवण्याची पद्धत सोयीची आहे, हे मी नाकारत नाही. पण तो पेला भरतानाच पाहुण्याने किती खावे हे आपण ठरवून टाकतो. मधुमेह असलेल्या पाहुण्याला ‘अर्धाच चमचा’ म्हणण्याची आणि खवय्याला आणखी मागण्याची मोकळीक त्यात राहत नाही, आणि आग्रह करण्याची संधी यजमानाच्या हातून जाते ती वेगळीच. म्हणून बासुंदीचे सजवलेले मोठे पातेले मध्यभागी ठेवावे, सोबत रिकाम्या वाट्या आणि पळी ठेवावी, आणि आपण शेजारी उभे राहून वाढावे.

दिवाळीची पुरवणी तयार करताना आपण प्रत्येक पाककृतीखाली दोन ओळी अवश्य छापाव्यात, अशी विनंती आहे: हा पदार्थ कोणत्या भांड्यात द्यावा आणि पानात वाढण्यापूर्वी किती वेळ आधी मांडलेला चालेल.

आपली,
एक वाचक, चिपळूण