एसटीपीचा ब्लोअर बंद नको, त्याचा वेग कमी करूया

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय: एसटीपीचा ब्लोअर रात्री बंद ठेवण्याबाबत

स.न.वि.वि.

वीजबिल वाचावं म्हणून गेल्या महिन्यापासून एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, रात्री ११ ते ५ बंद असतो. बिलाची काळजी मलाही आहे. साडेसात किलोवॅटची मोटर पूर्ण भारावर २४ तास चालली तर दिवसाला १८० युनिट जातात. पण सांडपाणी साफ करणारे जिवाणू सहा तास हवेशिवाय राहिले की टाकी नासते. ए विंगच्या तळमजल्यावरच्या आजी पहाटे खिडक्या लावून घेतात. शुद्ध केलेलं हेच पाणी फ्लशला येतं, त्यालाही आता वास येतोय.

रविवारी ऑपरेटर दादांसोबत तासभर टाकीपाशी उभी होते. अर्धी टाकी निपचित, उरलेल्या भागात आधणासारखे मोठाले बुडबुडे. हवा बारीक बुडबुड्यांनी आली तरच पाण्यात नीट मुरते. पाणी साडेतीन मीटर खोल आहे, म्हणजे गेजवर दाब ०.४ बारच्या आसपास असायला हवा, काटा ०.५२ वर होता. तळाचे डिफ्युझर, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या जाळ्या, तुंबलेत. तेवढीच हवा ढकलायला मोटरला साधारण ३० टक्के जास्त जोर लागतो. एअर फिल्टर काढला तर काळाकुट्ट, आणि पट्टाही सैल.

ओळखीतून डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारं यंत्र) आणून मोजलं. सकाळी ९ ला, आंघोळी-धुण्यांच्या गर्दीत, लिटरला २.१ मिलिग्रॅम प्राणवायू. दुपारी ३ ला ४.८. जिवाणूंना २ पुरतो. वरचा सगळा वाया, शिवाय पाण्यात प्राणवायू जितका जास्त, तितका नवा मुरायला जड. म्हणजे दुपारीही आपण पैसे हवेत सोडतोय, आणि रात्री मात्र हवा तोडतोय!

माझी विनंती: रात्रीची बंदी आजच उठवावी. फिल्टर आणि पट्ट्याचं काम या आठवड्यात होईल, खर्च किरकोळ आहे. डिफ्युझर बदलणं आणि ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवणं यांसाठी तीन कोटेशन मागवावीत. व्हीएफडीने दुपारी-रात्री ब्लोअरच्या फेऱ्या कमी करता येतील. मात्र फार खाली नेल्या तर ब्लोअर तापतो आणि गाळ तळाला बसतो, म्हणून किमान वेग कंपनीकडून लिहून घ्यावा. डीओ मीटर सोसायटीचा स्वतःचा असावा आणि रोजचं रीडिंग वहीत लिहिलं जावं.

येत्या रविवारी सकाळी ९ ला आपण टाकीपाशी याल का? दादांना मी सांगून ठेवते.

आपली,
बी विंगमधील एक सभासद