बामणोलीच्या प्रत्येक लाँचवर गाईड पाहिजे

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या बामणोलीच्या धक्क्यावरच्या गर्दीचा फोटो आला होता, पलीकडच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याला जायच्या लाँचसाठी पोरंबाळं घेऊन उन्हात ताटकळलेली माणसं, आणि खाली बातमी की लाँच कमी पडतात, पार्किंगला जागा नाही, संडासाची सोय नाही. सगळं खरंय आणि सगळं व्हायलाच पाहिजे. पण त्या बातमीत एक गोष्ट कुणीच मागितली नव्हती आणि मला तीच सगळ्यात आधी पाहिजे वाटते, म्हणून हे पत्र.

मी साताऱ्यात हायस्कूलला भूगोल शिकवायचे, आता रिटायर्ड आहे. लेक आणि जावई परदेशात असतात, त्यांनी हट्टानं मला आणि आमच्या मिस्टरांना गॅलापागोसला नेलं. इक्वेडोर देशाची ही बेटं, पॅसिफिक महासागरात, किनाऱ्यापासून जवळजवळ 1000 किलोमीटर आत, बरोबर विषुववृत्तावर. 1835 साली डार्विन बीगल जहाजावरून तिथं आला होता आणि पाच आठवडे राहिला होता, एवढं मी वर्गात पोरांना कितीदा सांगितलं असेल, पण आपण कधी तिथं पाय ठेवू असं स्वप्नातसुद्धा नव्हतं. आठ दिवसांची क्रूझ होती. क्रूझ म्हटलं की लोकांना वाटतं मोठं पंचतारांकित जहाज, स्विमिंग पूल, डान्स. तसलं काही नव्हतं. छोटी बोट, आम्ही 16 प्रवासी, रात्री बोट चालायची आणि सकाळी उठलं की खिडकीबाहेर नवीन बेट.

बेटावर उतरायचं ते रबरी होडीतून, तिला तिकडं पांगा म्हणतात. कुठं दगडावर पाय ठेवून उतरायचं तर कुठं सरळ गुडघाभर पाण्यात. आणि उतरल्यावर पहिलं वाक्य गाईडचं, रोज न चुकता तेच, की वाट सोडायची नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, काही उचलायचं नाही, काही टाकायचं नाही. शंखसुद्धा नाही उचलायचा.

पण तिथं गंमत अशी की प्राणीच तुम्हाला दोन मीटर लांब राहू देत नाहीत. ते माणसाला घाबरतच नाहीत हो! नॉर्थ सेमोर बेटावर वाटेच्या मधोमध निळ्या पायांचा बूबी पक्षी अंड्यावर बसलेला, आम्ही सोळा जण त्याला वळसा घालून गेलो, तो मान वर करून बघत राहिला, बस्स. काळ्या दगडांवर समुद्री इग्वाना ढिगानं पडलेले, एकमेकांच्या अंगावर, ही जगातली एकच पाल-सरड्यांच्या कुळातली जात जी समुद्रात बुडी मारून शेवाळ खाते आणि मग अंगातलं जादा मीठ नाकातून फुर्रकन उडवते. एस्पान्योला बेटावर अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी, दोन-सव्वादोन मीटर पंख, कड्याच्या टोकापर्यंत बदकासारखा डुलत चालत येतो आणि तिथून स्वतःला वाऱ्यावर सोडून देतो, मी तो बघून रडले, खोटं कशाला सांगू. विषुववृत्तावर पेंग्विनसुद्धा बघितले, कारण दक्षिणेकडून हम्बोल्ट नावाचा गार पाण्याचा प्रवाह तिथवर येतो. हे सगळं मी फळ्यावर बाण काढून शिकवलेलं, पण त्या पाण्यात पाय घातल्यावर जी थंडी वाजली त्यानं तो बाण मला पहिल्यांदा कळला.

एका बेटावर सी लायनचं, म्हणजे समुद्रसिंहाचं पिल्लू सरळ आमच्या मिस्टरांच्या बुटापाशी आलं आणि हुंगायला लागलं. हात लावायचा मोह कुणाला होणार नाही? गाईड शांतपणे म्हणाला, मागं सरका, तुम्ही सरका, ते सरकणार नाही. आई वासावरून पिल्लू ओळखते, माणसाचा वास त्याला लागू द्यायचा नाही. सोळाच्या सोळा जण मागं सरकले. मला इथं तो क्षण पुन्हा पुन्हा आठवतो.

आता मुद्द्यावर येते. गॅलापागोसची 97 टक्के जमीन 1959 पासून नॅशनल पार्क आहे, आणि तिथं पार्कचं लायसन असलेला गाईड बरोबर असल्याशिवाय प्रवाशाला पार्कातल्या या बेटांवर उतरता येत नाही. एका गाईडमागं जास्तीत जास्त 16 माणसं. मोठ्यात मोठ्या जहाजावर 100 प्रवासी, त्याच्या वर नाही. कुठल्या बोटीनं कुठल्या दिवशी कुठल्या जागी जायचं हे बोटीचा मालक ठरवत नाही, पार्क ठरवतं, आणि एकाच जागी तीच बोट 14 दिवसांच्या आत परत जाऊ शकत नाही. संध्याकाळी सहाला सगळ्यांनी बोटीवर परत. विमानात बसायच्या आधीच बॅगा तपासतात, बी-बियाणं, फळं, काही चालत नाही. माझ्या पर्समधली बडीशेपेची पुडीसुद्धा काढून घेतली आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हे नियम काय हौसेनं केलेले नाहीत. जुन्या काळी देवमासे मारणारी जहाजं तिथली महाकाय कासवं जिवंत उचलून न्यायची, कारण कासव अन्नपाण्याशिवाय कित्येक महिने जगतं, म्हणजे ताज्या मटणाची सोय. सोडलेल्या बकऱ्यांनी बेटंच्या बेटं बोडकी केली. एस्पान्योलाची कासवं तर 14 वर आली होती, 12 माद्या आणि 2 नर. त्यांना उचलून सांताक्रूझ बेटावरच्या केंद्रात आणलं, अमेरिकेत सॅन डिएगोच्या प्राणीसंग्रहालयात त्याच जातीचा एक नर सापडला, डिएगो, त्याला आणलं, आणि पन्नासेक वर्षं चिकाटीनं पिल्लं वाढवून बेटावर सोडली, ती आता 2000 च्या वर आहेत. डिएगो 2020 ला आपल्या बेटावर परत गेला. पण पिंटा बेटावरचा लोन्सम जॉर्ज नावाचा कासव, त्याला जोडीदारीण मिळालीच नाही, 2012 ला तो गेला आणि ती जातच संपली. त्याला पेंढा भरून ठेवलाय, काचेमागं. त्या खोलीत कुणी बोलत नव्हतं.

तुम्ही म्हणाल सात समुद्रापलीकडची बेटं, त्यांचा बामणोलीशी काय संबंध. संबंध आहे साहेब. एक तर दगडाचा. सँटियागो बेटावर लाव्हाच्या पठारावर चाललो आम्ही, साधारण सव्वाशे वर्षांपूर्वीचा लाव्हा, दोरखंड पिळल्यासारख्या त्याच्या वळ्या अजून तशाच, आणि पहिलं झुडूप आत्ता कुठं फटीतून डोकं काढतंय. आपला यवतेश्वर, अजिंक्यतारा, कास, वासोटा, हे सगळं असंच थरावर थर लाव्हा साचून झालंय, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यांची सगळ्यात पूर्वेकडची जुनी बेटं तीस-चाळीस लाख वर्षांची, म्हणजे आपल्यापुढं कालची पोरं. मी त्या काळ्या दगडावर उभी राहून लेकीला म्हणाले, हे बघ, आपलं घर लहान असताना असं दिसत असणार.

आणि दुसरा संबंध, गॅलापागोस 1978 ला जागतिक वारसा झालं, जगातल्या अगदी पहिल्या यादीत. आपलं कास पठार, कोयना अभयारण्य आणि चांदोली 2012 ला पश्चिम घाटाबरोबर त्याच यादीत गेलं. यादी एकच आहे. गॅलापागोसलासुद्धा 2007 ला धोक्याच्या यादीत टाकलं होतं, बाहेरचे प्राणी-किडे आणि बेसुमार पर्यटन वाढलं म्हणून, मग त्यांनी कंबर कसली आणि 2010 ला बाहेर आले. म्हणजे त्यांचंही सगळं आधीपासून सुरळीत होतं असं नाही.

या जानेवारीत भाचा आणि त्याची फॅमिली आली होती म्हणून आम्ही बामणोलीहून लाँच केली. शिवसागर जलाशय, दोन्हीकडं डोंगर पाण्यात उतरलेले, सकाळचं धुकं, खरं सांगते त्या बेटांपेक्षा काडीचंही कमी नाही. पण शेजारून एक लाँच गेली तिच्यावर स्पीकर एवढा मोठा की डोंगरावरून आवाज परत येत होता. काठावर माकडांना वेफर्सची पाकिटं फेकणं चाललेलं, पाकिटं पाण्यात. जंगलात जायच्या आधी वनखात्याचे लोक प्लास्टिक तपासतात, ते चांगलंच आहे, पण तो दीड तासाचा पाण्यावरचा प्रवास, तिथं विचारणारं कुणी नाही. अभयारण्याच्या काठानं आपण चाललोय हेच निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

आणि आमचा लाँचवाला, विशीतला पोरगा, आधी तासभर गप्प होता. मी सहज विचारलं की बाळा, इथं काय काय दिसतं रे. तर तो बोलायला लागला तो थांबेना. धनेश कुठल्या झाडावर येतो, गवे उन्हाळ्यात संध्याकाळी कुठल्या उतरणीनं पाण्यावर येतात, पाणमांजराची जोडी त्यानं कुठं बघितली, शेकरू घरटं कसं बांधतो. मग एका ठिकाणी इंजिन बंद केलं आणि पाण्याकडं बोट दाखवून म्हणाला, आजी, इथं खाली आमचं गाव. आज्जाचं घर. पाणी लई खाली गेलं की जोत्याचे दगड दिसतात. लाँचमधली सगळी पोरं एकदम गप्प झाली आणि वाकून पाण्यात बघायला लागली. त्यानंतर परत येईपर्यंत एकानंही काही पाण्यात टाकलं नाही, त्यांना कुणी दटावलं नव्हतं.

गॅलापागोसचा आमचा गाईडसुद्धा तिथलाच, बेटावर जन्मलेला, बाप मच्छीमार. त्याला पार्कनं शिकवलं, परीक्षा घेतली, लायसन दिलं, त्यावर त्याचं घर चालतं. आमच्या लाँचवाल्या पोराकडं सगळी माहिती आहे, फक्त त्याला कुणी शिकवलं नाही, लायसन दिलं नाही, आणि त्या माहितीचे पैसे कुणी देत नाही. कोयना धरणात ज्यांची गावं गेली, मग अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पात उरलेल्या जमिनीवर बंधनं आली, त्या गावांतल्या पोरापोरींचा या कामावर पहिला हक्क आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर ती पोरं मुंबईला जातात, जातातच आहेत.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. कासला बघा, कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्या हंगामात पठार सांभाळतात, ऑनलाईन बुकिंग आहे, दिवसाला माणसांची मर्यादा आहे, वाट सोडून कुणी फुलांत शिरलं की शिट्टी वाजते. तिथं काही त्रुटी असतील, पण वीस वर्षांपूर्वी गाड्या थेट पठारावर नेऊन लोक फुलांवर सतरंज्या टाकून डबे खायचे ते मी डोळ्यांनी बघितलंय. सीतेची आसवं आणि गेंदाची फुलं चपलेखाली. ते थांबलं ना?

तर वनखात्याला, बोट क्लबच्या मंडळींना आणि आमच्या लोकप्रतिनिधींना तुमच्या पेपरातून विनंती आहे की बामणोली, शेंबडी, तापोळा, जिथून जिथून लाँच सुटतात तिथं प्रत्येक लाँचवर एक प्रशिक्षित गाईड सक्तीचा करा, तो त्याच खोऱ्यातला असू दे, त्याचे पैसे तिकिटातच घ्या. स्पीकर बंद. काठापासून किती लांबून लाँच न्यायची, कुठं थांबवायची, एका वेळी किती लाँच, हे वनखात्यानं ठरवावं. प्रत्येक माणसामागं थोडे पैसे वाढले तर लोक ओरडतील, ओरडू देत. गॅलापागोसला परदेशी माणसाला पार्कची फीच 200 डॉलर आहे, ऑगस्ट 2024 ला ती 100 ची दुप्पट केली, म्हणजे तेव्हाचे आपले 16-17 हजार रुपये, आणि त्यातले बरेचसे पैसे पार्कला आणि तिथल्या गावांना जातात. आपल्याला तेवढे नकोत. एका वेफर्सच्या पाकिटाएवढे जादा दिले तरी एका पोराचं महिन्याचं भागतं.

शेवटी एक सांगायचं राहिलं. फ्लोरियाना बेटावर किनाऱ्यावर एक लाकडी पिंप आहे, दोनशे वर्षांपासून खलाशी त्यात पत्रं टाकायचे आणि त्या दिशेला जाणारं जहाज ती घेऊन जायचं. अजूनही प्रवासी तिकीट न लावता पोस्टकार्ड टाकतात, आणि पिंपातली कार्डं चाळून आपल्या गावाजवळचं कुणाचं असेल तर ते घरी नेऊन हातानं पोचवायचं. मला एक कार्ड सांगलीचं सापडलं, विश्रामबागचा पत्ता. परत आल्यावर एसटीनं जाऊन देऊन आले. त्या घरातल्या बाईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही आणि दुपारभर बेटांबद्दल विचारत होत्या, त्यांच्या मुलानं सहा महिन्यांपूर्वी ते टाकलं होतं. मीही एक कार्ड टाकून आलेय, पत्ता आमच्या जुन्या शाळेचा, सातवीच्या वर्गाला. अजून पोचलेलं नाही.

गाईडचं प्रशिक्षण कुणी सुरू केलं तर दगड, डोंगर, नद्या आणि नकाशा हा भाग मी फुकट शिकवीन. आठवड्यातून दोन दिवस बामणोलीला यायची तयारी आहे, सकाळची एसटी मला माहीत आहे. कुणाला संपर्क करायचा असेल तर पेपरच्या ऑफिसात माझा नंबर देऊन ठेवते.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, शाहूपुरी, सातारा